सव्वादोनचा चुडा

कासारीणकाकूंनी अक्काचा अंगठा तळहातात दुमडला, चारी बोटं आपल्या मुठीत गोळा केली आणि विचारलं, "दुखतंय का गं?"

"नाही," अक्का म्हणाली.

त्या दिवसातलं ते पहिलं खोटं होतं आणि आमच्या घरातलं असूनही माझं नव्हतं.

लग्न गुरुवारी होतं, हा रविवार. आमच्या तासगावच्या घरात, पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली. मधोमध पद्मजा, म्हणजे माझी अक्का. समोर कासारीणकाकू, हिरव्या बांगड्यांची टोपली घेऊन. त्यांना जयसिंगपूरहून आणलं होतं अक्काच्या होणाऱ्या सासूबाईंनी, सरोजमावशींनी. मावशी शेजारीच बसल्या होत्या. भोवती गल्लीतल्या दहा-पंधरा बायका. बायकांच्या या कार्यक्रमात मी एकटाच पुरुष होतो, कारण आईनं मला मुद्दाम दारात उभं केलं होतं. "तू असलास की वातावरण हलकं राहतं," असं ती म्हणाली होती.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि गावात वातावरण हलकं करण्याचं काम माझ्याकडे होतं. गणपती मंडळ, शाळेचं गॅदरिंग, पतसंस्थेची सभा, सगळीकडे सूत्रसंचालन सन्मती चौगुले. माझा चेहरा सरळ आहे, म्हणजे त्यावर काही उमटत नाही. लोक म्हणतात, त्यामुळंच हसू येतं. एकदा शोकसभेत मी "नमस्कार" एवढंच म्हटलं आणि लोक हसले. मयताचा मुलगासुद्धा.

पहिली बांगडी बोटांच्या मुळाशी येऊन अडकली.

"माप तर साखरपुड्यालाच घेतलंय," सरोजमावशी म्हणाल्या. "सव्वादोन. महिन्याभरात हात वाढतोय होय?"

"हात गरम लागतोय पोरीचा," कासारीणकाकू म्हणाल्या.

"उन्हातनं आलीय ना," आई लगेच म्हणाली. अक्का तीन दिवस घराबाहेर पडली नव्हती.

आईनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना पाठ होता. सनू, बोल काहीतरी.

आता हे सांगायला हवं की अक्काला काय होतं.

अडीच वर्षांपूर्वी तिची बोटं सुजायला लागली. मग मनगटं, मग पायांचे चवडे. मिरजेच्या डॉक्टरांनी तिचा हात हातात घेऊन बोटांच्या मुळाशी आडवा दाबला, अक्का खुर्चीतून उठली, आणि डॉक्टर म्हणाले, आमवात. शरीराची राखण करणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उठते. मी म्हटलं, म्हणजे वॉचमननं घरमालकालाच धरून ठोकायचं. डॉक्टरसुद्धा हसले. तपासण्यांत मग थायरॉइड निघालं आणि रक्त निघालं सातच्या आसपास, म्हणजे निघालं नाहीच म्हणायचं.

तेव्हापासून आमच्या फ्रिजवर एक वेळापत्रक होतं. एसटी स्टँडवर असतं तसं मीच रंगवलं होतं. पहाटे थायरॉइडची गोळी, रिकाम्या पोटी. तिच्यानंतर तासभर चहा नाही. रक्ताची गोळी दुपारी, कारण ती सकाळच्या गोळीला भेटता कामा नये आणि चहालाही भेटता कामा नये. रविवारी आमवाताच्या गोळ्या, आठवड्यातून एकदाच. आणि सोमवारी अक्का दिवसभर पडून, गाडी रद्द. सकाळी दहापर्यंत तिची मूठ मिटायची नाही. पेस्टचं टोपण मी उघडायचो, वेणी आई घालायची. दहानंतर ती शाळेत जाऊन चौथीच्या पोरांना शिकवायची. खडूला सुतळी गुंडाळून जाड करून घ्यायची, म्हणजे धरता यायचा.

बाहेर कुणाला यातलं काही माहीत नव्हतं. आई सांगायची, जरा अशक्तपणा आहे. वडील, म्हणजे अण्णा, म्हणायचे, लग्न झालं की सगळं बरं होतं. अण्णांचा लग्नावर फार विश्वास. आमच्या चुलत्यांचा दमा लग्नानं जाईल, असंही ते म्हणाले होते. पुढं चुलते गेले.

अभिनंदन मगदूमांचं स्थळ आलं तेव्हा आईनं फ्रिजवरचं वेळापत्रक काढून माळ्यावर टाकलं.

लग्नाला तीन आठवडे असताना अक्कानं मला स्वयंपाकघरात गाठलं. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "सनू, जयसिंगपूरला जाऊन ये. त्यांना एकट्याला गाठ आणि सांग."

"काय?"

"सगळं. तिन्ही आजार, नावानिशी. जन्मभर औषधं आहेत हे सांग. आणि मुलाचं सांग. रविवारच्या गोळ्या चालू असताना दिवस जाऊन चालत नाही. आधी डॉक्टरांना विचारून त्या बंद करायच्या, काही महिने थांबायचं, आणि तेवढे महिने माझं अंग काय म्हणेल ते सांगता येत नाही. हे त्यांना माहीत पाहिजे. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणू देत."

"मग तूच सांग की फोनवर."

"फोनवर बोलते तेव्हा आई शेजारी बसलेली असते. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा तिनं फोन घेऊन हवापाण्याचं विचारलं." तिनं दार पुन्हा लोटलं. "आणि तुझं कुणाला लागत नाही रे. तू काहीही बोललास तरी माणूस ऐकून घेतो."

मी गेलो. संध्याकाळी परत आलो.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

"काय म्हणाले?"

"चालतंय म्हणाले."

अक्का ओट्याला टेकली आणि रडली. मी तिला पहिल्यांदाच असं रडताना बघत होतो. आजार कळला तेव्हा ती रडली नव्हती, तिनं डॉक्टरांना शाळेच्या सुट्ट्यांचं विचारलं होतं. मग तोंड धुऊन ती म्हणाली, "चहा घेतोस?" आणि स्वतःच्या हातानं पातेलं उचललं, दोन्ही मनगटांत धरून.

तर रविवारी, चुडा भरताना, अक्काच्या समजुतीनं तिच्या होणाऱ्या नवऱ्याला सगळं माहीत होतं.

आईनं बघितल्यावर मी बोलायला लागलो.

"काकू, जरा जपून. त्या हाताला आमच्या घरात मागणी आहे. तो बिघडला तर भाकऱ्या मला थापाव्या लागतील आणि मग हे घर ब्रेडवर जगेल."

बायका हसल्या. त्या हशात काकूंनी साबणाचं पाणी लावून बोटं आवळली, आणि पहिली बांगडी गेली.

"गेली! आता बाकीच्यांना वाट माहीत झाली."

दुसरी गेली.

तिसरीला मी सरोजमावशींना विचारलं, अडीचची बांगडी महाग असते का, की हात लहान करून घेणंच परवडतं? मावशी डोळ्याला पदर लावून हसल्या. "सुनेचा चुडा घट्टच पाहिजे बाबा," त्या म्हणाल्या, "सैल बांगड्या आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना." चौथीला, पाचवीला, सहावीला मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. ते इथं लिहिणार नाही. चांगले विनोद होते.

मी दारात होतो, त्यामुळं बायकांना दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. मांडी घातलेल्या अक्काच्या पायाची बोटं साडीच्या काठाबाहेर सतरंजीत रुतली होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. आमच्या घराण्याचा चेहराच सरळ आहे.

सातवी बांगडी गेल्यावर तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"यांनी घरी सांगितलेलं दिसत नाही," ती कुजबुजली.

"सांगितलं असेल की."

"माहीत असतं तर मावशी असं दाबू देतील होय? विचार ना त्यांना फोन करून."

"आत्ता? बांगड्या भरताना?"

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. अभिनंदन स्वतःच आला होता. जयसिंगपुरात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. आमच्या बोअरची मोटर जळली होती, आणि लग्नाच्या गर्दीत पाणी कमी पडायला नको म्हणून त्यानं ती दुरुस्त करून आणली होती. उंच, काळासावळा, ग्रीसचे हात पाठीमागं लपवत तो दारात आला.

"काय मेहुणे, बायकांत का उभे?"

"मला आरक्षण मिळालंय, दाजी."

तो हसला. मला बघितलं की तो आधीच हसायचा.

"अहो," आतून अक्का म्हणाली. "जरा आत या."

बायकांत खसखस पिकली. लग्नाआधीच 'अहो'! अभिनंदन लाजत सतरंजीच्या कडेला आला. अक्कानं बांगड्यांचा हात वर केला. बोटांची मुळं लाल झाली होती, टम्म.

"तुम्हाला सनूनं सांगितलंय ना?"

"काय?"

"जयसिंगपूरला आला होता तेव्हा. माझ्याबद्दल."

त्याचा चेहरा उजळला. "वॉरंटी कार्ड होय! सांगितलं की!" आणि तो सगळ्यांकडे वळून सांगायला लागला. "काय माणूस आहे हा! दुकानात येतो, उभा राहतो, असलाच चेहरा करून, आणि म्हणतो, दाजी, माल तपासून घ्या, डिलिव्हरीनंतर परत घेतला जात नाही. सकाळी दहापर्यंत बेअरिंग जाम. व्होल्टेज कायम कमी. गळ्यातला स्टार्टर गोळी टाकल्याशिवाय उचलत नाही. दर रविवारी सर्व्हिसिंग, आणि सर्व्हिसिंगच्या दुसऱ्या दिवशी मशीन बंद! आमची दुकानातली पोरं अजून म्हणतात. मी म्हटलं, घेतला माल. परत करणार नाही."

बायका लोळायच्या बाकी होत्या. सरोजमावशी म्हणत होत्या, "गळ्यातला स्टार्टर! अगं बाई!"

अक्का माझ्याकडे बघत होती.

बसमधून जाताना मी वाक्यं घोकली होती. पहिलं वाक्य होतं, "दाजी, एक गंभीर बोलायचं आहे." दुकानात शिरलो तर तो, त्याचे दोन कारागीर आणि एक गिऱ्हाईक. मी म्हटलं, "दाजी, एक गंभीर बोलायचं आहे," आणि चौघंही हसले. तिथं मी थांबून त्याला बाहेर नेऊ शकलो असतो. पण पहिल्याच वाक्याला हशा आला होता. पुढचं सगळं आपोआप आलं. प्रत्येक गोष्ट खरी होती. त्यानं शेजारच्या दुकानातल्या तिघांना बोलावून मला परत सांगायला लावलं, आणि मी आणखी चांगलं सांगितलं. फक्त मुलाचं तेवढं त्यात कुठं बसेना. ते मी सोडलं. परत येताना बसमध्ये मी स्वतःला समजावलं, सांगितलं तर आहे.

"सनू," अक्का म्हणाली, "आता परत सांग. इथं. कुणाला हसू येणार नाही असं."

मी पुढं झालो. सतरंजीवर पंधरा चेहरे माझ्याकडे वळले आणि सगळ्यांची तोंडं आधीच उघडी होती, हसायला.

"अक्काला आमवात आहे," मी म्हणालो.

हशा.

"खरंच आहे. अडीच वर्षं झाली."

मोठा हशा. अभिनंदननं मांडीवर थाप मारली.

"तिला थायरॉइड आहे. रक्त सात आहे."

"माझ्यापेक्षा एक जास्त आहे की!" मागून कुणीतरी ओरडलं. आई ओरडली, "पुरे सनू, पुरे झाली गंमत!" तिच्या आवाजात भीती होती, पण तीही त्यांना गमतीतलीच वाटली. मी म्हणालो, "मी गंमत करत नाही," आणि त्यावर तर सरोजमावशींना ठसका लागला. कुणीतरी त्यांना पाणी दिलं. मी तिथं उभा होतो. माझा चेहरा मला बदलता येत नव्हता.

एकट्या कासारीणकाकू हसत नव्हत्या. त्यांच्या मांडीवर तो हात होता.

"बोटं निळी पडायलीत," त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. त्यांनी एक बांगडी वर ओढून बघितली. ती सुजेवरून परत यायला तयार नव्हती. त्यांनी टोपलीतून छोटी पकड काढली, बांगडीखाली फडक्याची घडी सारली आणि दाबली.

खट्.

हशा एकदम थांबला. नवरीच्या हातातली बांगडी, लग्नाला चार दिवस असताना. काकूंनी दुसरी दाबली. तिसरी. सातही जाईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. हिरव्या काचा सतरंजीवर पडल्या.

"काकू!" सरोजमावशींचा आवाज चिरकला. "काय केलंत हे?"

"वाढवल्या," काकू म्हणाल्या. "पाप माझ्या डोक्यावर. पस्तीस वर्षं हात धरतीया मी, वैनी. हा हात आजारी हाय. तो पोरगा तेच सांगतोय मगापासनं."

मग अक्का बोलली. बसूनच, हात मांडीवर ठेवून, वर्गात पोरांना समजावते तशी. आमवात. थायरॉइड. रक्त का वाढत नाही ते. औषधं किती आणि कधीपर्यंत. आणि मुलाचं. ते सांगताना तिनं मान खाली घातली नाही. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. कुणी हसलं नाही.

सरोजमावशी उठल्या आणि पिशवी उचलली. "पोरीत खोट होती आणि तुम्ही लपवलीत," त्या आईला म्हणाल्या. "साखरपुडा होईतो लपवलीत."

आई भिंतीला टेकून रडायला लागली होती.

"लपवलं नाही, आई," अभिनंदन म्हणाला. तो खाली बसला होता, ग्रीसच्या हातांनी काचा गोळा करत. "मला सांगितलंय. पंधरा-सोळा दिवस झाले. मी हसलो." वर न बघताच तो अक्काला म्हणाला, "डॉक्टरांचा पत्ता द्या. मला त्यांच्याशी बोलायचंय. गुरुवारी नाही जमणार. मला जरा वेळ पाहिजे."

"घ्या," अक्का म्हणाली.

माझ्याशी तो बोलला नाही. जाताना मोटर मात्र बसवून गेला.

आत काय झालं ते अण्णांना संध्याकाळी कळलं. ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "पत्रिका वाटलेल्या प्रत्येकाला हाच सांगंल. लग्न पुढं गेलंय आणि का गेलंय, दोन्ही."

मी सोमवारी सकाळी मोटरसायकल काढली. कवठेमहांकाळ, सावळज, विसापूर, नांदणी. उरलेल्यांना फोन. दारात उभा राहायचो आणि म्हणायचो, लग्न पुढं ढकललंय, अक्काला आमवात आहे. लोक मला पाठीत धपका मारून आत घ्यायचे आणि पोहे द्यायचे. "गुरुवारी येतो बघ सगळी!" म्हणायचे. नांदणीच्या आप्पामामांनी तर बायकोला बाहेर बोलावलं, "ये ये, सन्मती आलाय, ऐक काय म्हणतोय," आणि मला परत म्हणायला लावलं. मी परत म्हणालो.

गुरुवारी साठ-सत्तर माणसं मंगल कार्यालयात आली.

मी गेटवर सकाळी नऊपासून उभा होतो. आत रिकाम्या खुर्च्या, एकावर एक रचलेल्या. लोक रिक्षातून उतरायचे, फेटे सावरत, हातात आहेराची खोकी. मी सांगायचो. ते हसायचे, मला ओलांडून आत जायचे, आणि थोड्या वेळानं परत यायचे. परत येताना हसत नसायचे. आप्पामामा मिक्सरचं खोकं काखेत धरून माझ्यासमोर उभे राहिले. "खरंच सांगत होतास होय रे?" म्हणाले, आणि मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गेटच्या कडीशी खेळायला लागलो.

साडेदहाला अक्का आली. साधी सुती साडी, हातात काही नाही. दहा वाजून गेल्याशिवाय तिला येता आलं नसतं. ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि रिक्षातून उतरणाऱ्या प्रत्येकाला तिनं स्वतः सांगितलं. एकदा सांगितलं की पुरायचं. बायका तिचे हात हातात घ्यायच्या आणि ती म्हणायची, हळू.

एका आजींनी माझ्याकडे बोट केलं. "हा फोनवर म्हणत होता बाई. आम्हाला वाटलं, गंमत करतोय."

"नाही," अक्का म्हणाली. "या वेळेस नाही."

अकराच्या सुमारास रस्त्यापलीकडे अभिनंदनचा टेम्पो लागला. त्याच्याकडचेही काही पाहुणे आले होते, त्यांना थोपवायला तो आला होता. त्याचा एक म्हातारा काका ऐकायला कमी, त्यामुळं अभिनंदनला ओरडावं लागलं आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू गेलं.

"मोडलं नाही, काका! पुढं गेलंय! डॉक्टरांना भेटून आलोय मी! मार्गशीर्षात!"

अक्का एका बाईला काही सांगत होती. तिचं वाक्य अर्ध्यात राहिलं. मग तिनं ते पुरं केलं.

मी तिच्याकडे बघून हसलो. ती पुढच्या रिक्षाकडे गेली.

याला नऊ वर्षं झाली. मार्गशीर्षात त्यांचं लग्न झालं. चुडा कासारीणकाकूंनीच भरला, अडीचचा, दुपारी तीन वाजता. मी त्या खोलीत नव्हतो. त्यांना पाच वर्षांची मुलगी आहे, डॉक्टरांना विचारून, तारखा ठरवून झालेली. मी सूत्रसंचालन अजून करतो. अक्का समोर असली तर माझ्या प्रत्येक विनोदाला हसते, कधी कधी सगळ्यांच्या आधी.

गेल्या महिन्यात दाजींचा फोन आला. अक्काची मनगटं परत बिघडली आहेत, औषध बदललंय, आता इंजेक्शनं. मी लगेच तिला फोन केला.

"कशी आहेस?"

"मजेत. तू?"

"दाजी म्हणत होते, इंजेक्शनं सुरू केलीत."

"हो का," ती म्हणाली. "पाऊस आहे का रे तिकडं?"

"अक्का, मला सांग की. काय झालंय नेमकं?"

पलीकडे भांड्याचा आवाज आला. तिनं बहुतेक फोन कान आणि खांद्यामध्ये धरून काहीतरी दोन्ही हातांनी उचललं असावं.

"तुला सांगून काय करू, सनू?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं.

मग तिनं आईच्या गुडघ्यांचं विचारलं.